उतरणाऱ्या मुंगीचं पोट बघा: झाडावरची रांग नेमकी कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराजवळच्या झाडाला सध्या ना फूल, ना फळ. तरी दोन आठवड्यांपासून खोडावर मुंग्यांची रांग सतत वर-खाली चालू आहे. कुणाच्याच तोंडात काही दिसत नाही. एका फांदीवर काही मुंग्या तासन्‌तास एकाच जागी उभ्या असतात, आणि एकदा बुंध्याजवळ पांढरे दाणे उचलून त्यांची पळापळ चाललेली दिसली. त्या खातात काय, झाडाला धोका आहे का, आणि फवारणी करावी का?

फवारणीचं शेवटी बघू. आधी 'तोंडात काही दिसत नाही' हे वाक्य बाजूला काढतो, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. मुंगी रिकाम्या तोंडाने परत येते, पण बहुतेक वेळा रिकाम्या पोटाने येत नाही. तिच्या पोटात दोन कप्पे असतात. पुढचा कप्पा साठवणीचा, त्याला सामाजिक पोट म्हणतात. मागचा तिच्या स्वतःच्या पचनाचा, आणि दोन्हींच्या मधे एक झडप. पुढच्या कप्प्यातला माल तिचा नसतोच. वारुळात पोचल्यावर तोंडाला तोंड लावून ती तो इतरांना वाटते. म्हणजे ही रांग पातळ पदार्थाची वाहतूक करत असण्याची शक्यता पुष्कळ आहे. ना फूल, ना फळ, तरी झाडावर काहीतरी गोड झिरपतंय. ते कुठे आणि कशातून, एवढंच शोधायचं आहे.

माझी सुरुवात नेहमी उतरणाऱ्या मुंग्यांपासून असते. मुंगीच्या पोटावर कडक पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर सरकवलेल्या असतात. पोट भरलं की पट्ट्या एकमेकींपासून लांब जातात आणि मधली पातळ त्वचा ताणून दिसू लागते. काळ्या मुंगीच्या पोटावर तेव्हा फिकट, जवळजवळ पारदर्शक आडव्या रेघा उमटतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि वर जाणाऱ्या वीस व खाली येणाऱ्या वीस मुंग्या बघा. मुंगी फारच बारीक असेल तर फोनने जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा, भिंगापेक्षा हे सोपं पडतं.

उतरणाऱ्यांची पोटं रेघारेघांची आणि चढणाऱ्यांची बारीक असतील, तर वर द्रवरूप खाणं आहे आणि घर खाली आहे. उलटं दिसलं, म्हणजे चढणाऱ्या भरलेल्या आणि उतरणाऱ्या रिकाम्या, तर घर झाडावर आहे आणि खाणं जमिनीवर किंवा शेजारच्या झाडावर. हा फरक ध्यानात नसेल तर पुढे उपायाच्या वेळी फार महागात पडतं, म्हणून आत्ताच वहीत लिहून ठेवा. दोन्हीकडच्या सारख्याच दिसल्या तर झाड हा फक्त रस्ता असू शकतो. फांदी भिंतीला, छपराला किंवा तारेला टेकली आहे का ते बघा.

आता फांदी शोधायची. अख्खं झाड डोळ्यांनी चाळत बसू नका, बेचक्यांवर मोजा. छातीच्या उंचीवर खोडाला दोरा बांधा आणि एक मिनिटात किती मुंग्या दोरा ओलांडून वर जातात आणि किती खाली येतात ते मोजा. असं तीन वेळा करा. मग पहिल्या बेचक्याशी जाऊन दोन्ही फांद्यांवर तेच. जिकडे जास्त वर्दळ तिकडे सरका, पुढच्या बेचक्याला पुन्हा मोजा. मध्यम झाडात चार-पाच बेचकी ओलांडली की मुक्कामाची डहाळी बहुधा हाताला लागते. सगळी मोजणी तासाभरात उरका. सकाळच्या आकड्याची दुपारच्या आकड्याशी तुलना करू नका, कारण मुंगीचा वेग तापमानावर चालतो. आकाशगंगेचा पसारा मोजणारे खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली फावल्या वेळात वेधशाळेच्या आवारातल्या मुंग्यांचा वेग मोजत. 1920 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीत मुंग्यांच्या वेगावरून तापमान साधारण एका अंशाच्या फरकाने सांगता येत होतं. म्हणजे ऊन वाढल्यावर दिसणारी 'वाढलेली' वर्दळ कधीकधी नुसता वाढलेला वेग असते. काही जातींची खरी वर्दळ तर रात्रीच असते. त्यामुळे दिवसा रांग नाही म्हणून मुंग्या गेल्या असं धरू नका, अंधार पडल्यावर एकदा बॅटरी घेऊन फेरी मारा.

झाड उंच असेल तर खालून पुरावा गोळा करता येतो. संध्याकाळी झाडाखाली चार बाजूंना काचेचा तुकडा किंवा गडद रंगाचा गुळगुळीत कागद ठेवा. सकाळी दव वाळू द्या, मग बोट फिरवा. चिकट, चकचकीत ठिपके म्हणजे वर रस शोषणारी कीड आहे. जिथे ठिपके दाट, त्याच्या वरची फांदी तपासा. कोरड्या बारीक गोळ्या पडल्या असतील तर ती पानं खाणाऱ्या अळीची विष्ठा, तो विषय वेगळा. खालची पानं काळी पडली असतील तर ओल्या फडक्याने पुसा. काळं निघून खाली हिरवं पान दिसलं तर ती चिकट्यावर, म्हणजे किडीने टाकलेल्या गोड रसावर, वाढलेली काजळी बुरशी. निघालं नाही तर पानाचा रोग, आणि त्याचा मुंग्यांशी संबंध असेलच असं नाही.

तुमच्या वर्णनातला सगळ्यात बोलका भाग म्हणजे जागेवर उभ्या असलेल्या मुंग्या. खाणं शोधणारी मुंगी थांबत नाही. थांबली म्हणजे ती राखण करते आहे किंवा पीत आहे. त्यांच्या पायाशी भिंग लावा. बहुधा मावा दिसेल: कोवळ्या शेंड्यावर किंवा पानाच्या पालथ्या बाजूला, नासपतीच्या आकाराचे मऊ किडे आणि पाठीमागे दोन बारीक नळ्या. मिनिटभर श्वास रोखून बघा. मुंगी मिश्यांनी माव्याच्या पाठीवर हलकं टपटप करते, माव्याच्या मागच्या टोकाला पारदर्शक थेंब येतो, थांबतो आणि मुंगी तो पिऊन टाकते. मुंग्या नसतात तेव्हा मावा हाच थेंब लांब उडवून देतो, राखणीच्या सवयीचा मावा मात्र तो धरून ठेवतो. थेंबात साखर का असते, तर झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक अगदी कमी. गरजेपुरते घटक मिळवायला माव्याला रस भसाभसा प्यावा लागतो आणि उरलेली साखर बाहेर टाकावी लागते. शेतकरी त्यालाच चिकटा म्हणतात.

मावा नसेल तर पिठ्या ढेकूण बघा. पांढऱ्या पिठात लोळवल्यासारखे हे किडे देठाच्या बगलेत, सालीच्या भेगेत, दोन फळं एकमेकांना टेकतात तिथे दडतात. मग खवले कीड. ती किड्यासारखी दिसतच नाही, फांदीवरचा फोड वाटतो. नखाने खरवडा: निघून आली आणि खाली ओल किंवा बारीक अंडी दिसली तर कीड, सालच सोलली गेली तर तो फांदीचाच भाग. इथे एक बारकावा अनेक जाणकारांच्याही नजरेतून निसटतो. खवले कीड दोन तऱ्हेची असते. मऊ, फुगीर, अंगाला कवच घट्ट चिकटलेली कीड चिकटा सोडते. चपटी, कडक, सुईने उचकलं की झाकणासारखं कवच वेगळं निघणारी कीड चिकटा सोडत नाही. दुसरी सापडली म्हणून शोध थांबवलात, तर मुंग्यांचं खरं दुकान तसंच चालू राहतं. गुंडाळलेली पानंही उलगडून बघा, आत मावा आणि मुंग्या दोन्ही मिळतात.

काही मुंग्या अशा किडींवर माती किंवा चघळलेल्या लाकडाचं छप्पर बांधतात. फांदीवर असा मातीचा लहानसा मांडव दिसला की लोक वाळवी समजून घाबरतात. टोक मोडून बघा. आत बारीक कंबरेच्या, मिश्यांना कोपर असलेल्या मुंग्या असतील तर त्यांचा गोठा आहे. फिकट, मऊ, जाड कंबरेचे आणि मण्यांच्या माळेसारख्या सरळ मिश्यांचे किडे असतील, तर वाळवी.

मात्र प्रत्येक गोड थेंबामागे कीडच असते असं नाही. पुष्कळ झाडं फुलाबाहेरही मधुरस तयार करतात. चेरी, पीच, एरंड, बाभळीच्या कुळातली बरीच झाडं यांच्या देठावर किंवा पानाच्या बुडाशी बारीक ग्रंथी असतात. ओळखायची खूण अशी: मुंगी पानामागून पान घेत जाते, प्रत्येक पानावर नेमक्या त्याच जागी काही सेकंद टेकते आणि पुढे निघते. ग्रंथी प्रत्येक पानावर ठरलेल्या जागी असते, खवले कीड वाटेल तिथे. कोवळ्या पानांवर हा रस जास्त, जून पानांवर कमी किंवा बंद. ही झाडाने राखणदारांना दिलेली मजुरी आहे, कारण रसासाठी फिरणाऱ्या मुंग्या पानं खाणाऱ्या अळ्याही उचलतात. इथे काहीही करू नका. सगळ्याच मुंग्या बागेच्या वैरी नसतात. चीनमध्ये फार जुन्या काळापासून संत्रावर्गीय झाडांवर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या मुद्दाम सोडत आले आहेत.

उरलेल्या शक्यता लवकर सांगतो. खोडावर एकच ओला ओघळ, आंबूस वास आणि मुंग्यांसोबत माश्या, गांधीलमाश्या, भुंगेरेही असतील, तर तो जखमेतून किंवा आतल्या जिवाणूंमुळे आंबून वाहणारा रस. त्यात सिमेंट भरू नका, निचऱ्यासाठी भोकही पाडू नका, त्याने कूज आत पसरते. ओकसारख्या काही झाडांवरच्या गाठींतूनही गोड रस येतो. निळ्या रंगाच्या लहान फुलपाखरांच्या कुळातल्या काही अळ्यांच्या पाठीवर रसाची ग्रंथी असते, त्यामुळे मुंग्या अळीभोवती राखण करताना दिसल्या तर आश्चर्य नको. उंबराच्या जातीच्या झाडांवर काही मुंग्या फळातून ये-जा करणाऱ्या चिमुकल्या वास्प (गांधीलमाशीच्या नात्यातले कीटक) पकडायला टपलेल्या असतात. आणि रांगेतल्या काहींच्या तोंडात किड्यांचे पाय-पंख दिसले, तर त्या शिकारही करत आहेत.

रांग वर जातच नसेल, बुंध्याभोवती मोकळ्या मातीचे ढीग असतील, तर दोन बोटं माती उकरून बारीक मुळं बघा. मुळांवरचा मावा आणि पिठ्या ढेकूण मुंग्यांच्याच आसऱ्याने राहतात. खोडाच्या भेगेतून लाकडाचा भुसा गळत असेल आणि त्यात मेलेल्या किड्यांचे तुकडे असतील, तर सुतार मुंग्या. त्या लाकूड खात नाहीत, कोरून घर करतात, आणि बहुधा आधीच ओलं, कुजकं झालेलं लाकूड निवडतात. तिथे मुंगीपेक्षा कुजलेला भाग किती खोल आहे आणि फांदी कुणाच्या डोक्यावर लोंबते आहे, याची काळजी करा.

आता पांढरे दाणे. ते खाणं नसावं. लोक त्यांना अंडी म्हणतात, पण मुंगीची अंडी फार बारीक असतात. तांदळाच्या दाण्यासारखं दिसतं ते कोष किंवा मोठी अळी. सगळ्या एकाच दिशेने नेत असतील तर घर हलवणं चालू आहे: वारुळात पाणी शिरलं, माती तापली, कुणी उकरलं, किंवा चांगली जागा सापडली. दोन्ही दिशांनी धावपळ, एकमेकींचे पाय धरून ओढाताण आणि आजूबाजूला मेलेल्या मुंग्या असतील तर तो दुसऱ्या वारुळावरचा हल्ला. पावसानंतर शेंड्यापाशी पंखवाल्यांचा थवा दिसला तर ते मीलनाचं उड्डाण, त्याचाही खाण्याशी संबंध नाही. अगदीच विचित्र दृश्य म्हणजे पानाच्या शिरेत जबडा रुतवून मेलेली एकटी मुंगी आणि तिच्या मानेतून निघालेला बारीक देठ. तो ऑफिओकॉर्डिसेप्स नावाच्या बुरशीचा उद्योग. थायलंडच्या जंगलात अशा मुंग्या जमिनीपासून साधारण 25 सेंटिमीटर उंचीवर सापडल्या आहेत. झाडाला त्यापासून काही होत नाही.

इथवर हाती काय आलं ते जुळवा: उतरणाऱ्यांची पोटं भरलेली, वर्दळ एका फांदीकडे, तिथे उभ्या मुंग्या, आणि तपासलं तर काचेवर चिकट ठिपके. चारही जुळलं तर रस शोषणारी कीड, जवळजवळ नक्की. काही करायचं का, हे झाडावर ठरतं. जुनं, जोमदार झाड एका फांदीवरचा मावा सहज सोसतं. नुकतं लावलेलं रोप, पाण्याचा ताण बसलेलं झाड, शेंडे वाकडे होत असतील किंवा काजळी पसरत असेल, तर हात घाला.

खोडावरच्या मुंग्यांवर औषध मारू नका. दिसतात त्या वारुळातल्या थोड्याच, राणी आणि पिल्लं आत सुखरूप असतात. शिवाय सरसकट मारणाऱ्या औषधाने मावा खाणारे ढालकिडे आणि माव्यात अंडी घालणाऱ्या बारीक वास्पही मरतात, मग मावा पहिल्यापेक्षा जोरात येतो. मुंग्यांचा खरा उपद्रव हाच की त्या या मित्रकीटकांना हाकलतात. तेवढी राखण मोडली की बरंच काम मित्रकीटक करतात.

आधी जमिनीला, भिंतीला, शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा. मावा असलेल्या शेंड्यांवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या पालथ्या बाजूने मारा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. मग खोडाला चिकट पट्टा. चिकट पदार्थ थेट सालीवर कधीच नको, कोवळी साल भाजते. आधी चार बोटं रुंद जाड कागद किंवा टेप गुंडाळा, सालीच्या भेगांत कापूस ठासा, नाहीतर मुंग्या पट्ट्याखालून जातात. चिकट लेप त्या गुंडाळीवर लावा. यंत्राचं जुनं तेल किंवा ग्रीस वापरू नका. दर आठवड्याला बघा, कारण धूळ, वाळकी पानं आणि चिकटून मेलेल्या मुंग्या यांचाच पूल होतो. पट्टा खोडाला आवळत असेल तर सैल करा. आणि सुरुवातीची ती वहीतली नोंद: घर झाडावर असेल तर पट्टा सगळी फौज वरच कोंडून ठेवतो आणि राखण आणखी कडक होते.

वारूळ खाली असेल आणि पट्ट्याने भागलं नाही, तर आमिष. आधी त्यांना काय हवंय ते बघा. एका पुठ्ठ्यावर 20 ग्रॅम साखर 80 मिलिलिटर पाण्यात विरघळवून भिजवलेला कापूस, दुसऱ्यावर उकडलेल्या अंड्याचा चुरा, तिसऱ्यावर तेलाचे थेंब. रांगेच्या बाजूला सावलीत ठेवा आणि अर्ध्या तासाने मोजा. पिल्लं वाढत असताना तीच मुंगी गोड सोडून प्रथिनं मागते, मग गोड आमिष वाया जातं. गोडाकडे गर्दी झाली तर एक लिटर पाण्यात 100 ते 200 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक ॲसिड, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. एक टक्क्याच्या वर नेलं की मुंगी वाटेतच मरते किंवा तोंड लावत नाही, आणि माल राणीपर्यंत पोचत नाही. बारीक भोकांच्या बंद डबीत, मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवा. उरलेलं बुंध्याशी ओतू नका, बोरॉन जास्त झालं की मुळांनाच अपाय करतं. झाडावर चिकटा भरपूर असताना आमिषाकडे कुणी फिरकत नाही, म्हणून पाण्याचा फवारा आधी.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच फांदीवर भिंग लावा. माव्यात फुगलेले, तपकिरी, कागदी झालेले आणि पाठीला गोल भोक पडलेले किडे दिसले तर वास्प कामाला लागल्या आहेत, हात आवरा. पिठ्या ढेकणांत एखादा लांबट, पांढऱ्या मेणाचे धागे मिरवणारा आणि चपळ पळणारा दिसला तर चिरडू नका. तो ढेकूण नाही, ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची अळी आहे. खोडावरचा दोरा तसाच राहू द्या. त्याच वेळी, तशाच हवेत पुन्हा तीन मिनिटं मोजा. वर्दळ थोडी उरली असली तरी उतरणाऱ्यांच्या पोटावरच्या रेघा गेल्या असतील, तर त्या आता नुसत्या चाचपणीला येत आहेत.